ऑपरेशननंतर घरी ताप मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्डात असताना सिस्टर दर काही तासांनी ताप, नाडी, श्वास मोजून चार्टवर लिहितात. डिस्चार्ज झाला की हे बहुतेक घरांत बंद पडतं. पण जखमेत पू होण्याचा ताप साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी, कधी त्याहूनही उशिरा येतो आणि दुर्बिणीतून ऑपरेशन झालेला रुग्ण तोवर घरी पोचलेला असतो. म्हणजे ज्या दिवसांत ताप मोजायला हवा, ते दिवस घरच्यांच्या वाट्याला येतात. पुण्यातल्या घरांत शुश्रूषा करणारे जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर वेगळी सूचना असेल तर तीच पाळा.

किती आकडा आला म्हणजे ताप धरायचा?

तोंडात मोजून १००.४ फॅरनहाइट, म्हणजेच ३८ सेल्सियस किंवा जास्त. ९९ ते १००.३ या पट्ट्यात कणकण म्हणा; दोन तासांनी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा.

निरोगी माणसाचंही तापमान दिवसभर सारखं नसतं. पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळी चार ते सहाच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, आणि दोन्हींत जवळजवळ एक डिग्री फॅरनहाइटचा फरक पडू शकतो. त्यामुळे सकाळचा ९८ आणि संध्याकाळचा ९९ पाहून घाबरू नका. मात्र रोज संध्याकाळचा आकडा चढत चालला असेल, म्हणजे ९९, मग ९९.६, मग १००.२, तर १००.४ ची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. अशी चढण एखाद्या सुट्या आकड्यापेक्षा जास्त सांगून जाते.

मशीन ३७.९ दाखवतंय. हे काय आहे?

मशीन सेल्सियसवर गेलंय. बऱ्याच डिजिटल थर्मामीटरमध्ये बटण दाबून धरलं की एकक बदलतं. जवळ असू द्यावेत असे आकडे: ३७ म्हणजे ९८.६, ३७.५ म्हणजे ९९.५, ३८ म्हणजे १००.४, ३८.५ म्हणजे १०१.३, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४. कागदावर आकड्याशेजारी एफ किंवा सी जरूर लिहा.

कोणता थर्मामीटर घ्यावा? कोरोनाच्या वेळची कपाळावर धरायची गन आहे, ती चालेल का?

साधा टोकवाला डिजिटल घ्या. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतो आणि चांगल्या कंपनीचा असेल तर ०.२ फॅरनहाइटपर्यंत अचूक असतो.

गन कपाळाच्या कातडीची उष्णता वाचते. घाम, डोक्यावरचा फॅन, एसीची झुळूक, नुकतीच काढलेली ओली पट्टी, सगळ्याने आकडा खाली येतो. एप्रिलच्या उन्हातून आलेल्या माणसाचा तोच आकडा वर जातो. शिवाय गनवर अंगाचं आणि वस्तूचं तापमान मोजायचे दोन वेगळे मोड असतात आणि चुकीचा मोड लागला तर ९४-९५ असे आकडे दिसतात. गनने रात्री झोपलेल्या रुग्णाचा अंदाज घ्यायला हरकत नाही. पण ९९.५ च्या वर काही दिसलं, किंवा रुग्ण बरा वाटत नसेल, तर तोंडात किंवा काखेत मोजूनच ठरवा.

पाऱ्याचा जुना थर्मामीटर असेल आणि नीट वापरता येत असेल तर तो आकडा बरोबर देतो, पण फुटला तर पारा वेचणं जिकिरीचं. फुटलाच तर खिडक्या उघडा, फॅन बंद करा, झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नका. जाड कागदाने थेंब एकत्र करून झाकणाच्या बरणीत भरा. बरणी रोजच्या कचऱ्यात न टाकता घरातला घातक कचरा म्हणून वेगळी द्या.

हाताचा तळवा किंवा पंजाची मागची बाजू कपाळाला लावून ताप आहे की नाही हे ठरवू नका. नुकती पोळी लाटून आलेला हात आणि भांडी घासून आलेला हात एकच कपाळ वेगळं सांगतात.

तोंडात नेमका कसा धरायचा?

चहा, गरम पाणी, ताक, बर्फ यातलं काही घेतलं असेल तर २० ते ३० मिनिटं थांबा. टोक जिभेखाली, मधल्या दोरीच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला अगदी मागच्या खळग्यात जायला हवं. जिभेच्या टोकाखाली ठेवला तर आकडा कमी येतो. ओठ मिटायचे, दात लावायचे नाहीत, श्वास नाकाने घ्यायचा, बोलायचं नाही. बीप होईपर्यंत काढायचा नाही. रुग्ण तोंडाने श्वास घेत असेल, ऑक्सिजनचा मास्क असेल, गुंगीत असेल किंवा सतत उलटीची भावना असेल तर तोंडात मोजू नका, काखेत मोजा.

काखेत मोजला तर एक डिग्री मिळवायची ना?

मिळवू नका. काखेतला आकडा तोंडापेक्षा साधारण अर्धा ते एक डिग्री फॅरनहाइट कमी येतो, पण हा फरक प्रत्येकात आणि प्रत्येक वेळी सारखा नसतो. घरातला एकजण मिळवतो, दुसरा नाही, आणि दोन दिवसांनी कागदावरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. दिसेल तो आकडा लिहा, पुढे ‘काख’ लिहा. काखेत ९९.५ च्या पुढे गेला तर शक्य असल्यास लगेच तोंडात मोजून पाहा.

पद्धत अशी: काख कोरड्या कपड्याने टिपून घ्या, चोळू नका. पाचेक मिनिटं दंड अंगालगत मिटून ठेवायला सांगा, कारण फॅनखाली उघडी राहिलेली काख गार असते. मग टोक काखेच्या सर्वांत खोल भागात, कातडीला सगळीकडून टेकेल असं ठेवा. गंजीची किंवा ब्लाउजची बाही मध्ये आली की आकडा चुकतो. कोपर छातीवर दाबून धरा. कृश म्हाताऱ्या माणसांच्या काखेत पोकळी राहते, तिथे दंड तुम्ही स्वतः धरून ठेवा. बीप लवकर होत असेल तर आणखी दोन-तीन मिनिटं तसंच ठेवून पाहा. बऱ्याच मशीनमध्ये आकडा बीपनंतरही थोडा चढतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोज एकाच जागी, एकाच थर्मामीटरने मोजा.

कोणत्या ऑपरेशननंतर कुठे मोजू नये?

जबडा, जीभ, टॉन्सिल, दाढ यांच्या ऑपरेशननंतर तोंडात नाही. स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील, किंवा खांद्याचं ऑपरेशन असेल, तर त्या बाजूच्या काखेत नाही. दुसऱ्या बाजूला मोजा. मूळव्याध, भगंदर, मोठ्या आतड्याचं ऑपरेशन असेल तर गुदद्वारातून कधीच नाही. मोठ्या माणसांत घरी गुदद्वारातून मोजायची तशीही गरज पडत नाही.

दिवसातून किती वेळा?

पहिले सात दिवस चार वेळा: उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी पाच-सहाला आणि झोपताना. सगळं ठीक असेल तर पुढे टाके निघेपर्यंत सकाळ-संध्याकाळ. रात्री गाढ झोपलेल्या माणसाला फक्त आकड्यासाठी उठवू नका.

अपवाद हुडहुडीचा. थंडी वाजून अंग थडथडायला लागलं की तेव्हाच मोजा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. हुडहुडी सुरू असताना तापमान चढत असतं, त्यामुळे पहिला आकडा ९९ येऊनही अर्ध्या तासात १०२ होऊ शकतो. पहिला आकडा पाहून निर्धास्त होणं ही घरी फार वेळा होणारी चूक आहे.

वेदनेची गोळी चालू आहे. ताप झाकला जातो का?

हो, आणि या पानावरची हीच गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त कळकळीने सांगायची आहे. ऑपरेशननंतर पॅरासिटामॉल बहुतेकांना ठरलेल्या वेळी दिलेलं असतं. वेदनेची ॲसिक्लोफेनॅक किंवा ट्रॅमाडॉलची गोळीही अनेकदा पॅरासिटामॉलसोबतची जोडगोळी असते. यातलं पॅरासिटामॉल आणि ॲसिक्लोफेनॅक वेदनेबरोबर तापही उतरवतात. गोळीनंतर दीड-दोन तासांनी मोजलं तर ९८.६ येईल आणि आत जखमेत पू धरत असेल.

म्हणून गोळीच्या आधी मोजा, गोळी नंतर द्या. मोजायची वेळ गोळीच्या वेळेला बांधून टाका, म्हणजे विसर पडत नाही. आणि आकड्यापुढे शेवटची गोळी किती वाजता दिली ते लिहा. ताप दिसू दे म्हणून गोळी बंद करू नका. वेदनेने रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही, आणि त्यातून वेगळेच त्रास उभे राहतात.

दुसरी अडचण दुप्पट डोसची. कार्डावरच्या जोडगोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, आणि ताप दिसला म्हणून घरातली ६५० ची गोळी वर दिली जाते. मोठ्या माणसाला २४ तासांत सगळ्या गोळ्या मिळून ४ ग्रॅमची कमाल मर्यादा आहे. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल तर डॉक्टर ती आणखी खाली आणतात. प्रत्येक पट्टीच्या मागचा मजकूर वाचून बेरीज करा. दोन डोसांत निदान चार ते सहा तास हवेत.

कितव्या दिवशी ताप आला यावरून काय समजतं?

बरंच. ऑपरेशनचा दिवस शून्य धरा, दुसऱ्या दिवसापासून एक मोजा.

पहिल्या ४८ तासांतला १००-१०१ चा ताप बहुतेक वेळा ऑपरेशनलाच शरीराने दिलेला प्रतिसाद असतो. कापलेल्या ऊतींतून निघणारी रसायनं मेंदूतलं तापमानाचं केंद्र वर चढवतात. ऑपरेशन जितकं मोठं तितका हा ताप जास्त, आणि तो आपोआप उतरतो. पण याच काळात जखमेभोवतीची लाली तासातासाला पसरत असेल, वेदना दिसणाऱ्या जखमेच्या मानाने असह्य असतील, कातडी काळसर-जांभळी पडत असेल किंवा फोड येत असतील, तर तो जिवावर बेतणारा संसर्ग असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या तापात छाती आणि लघवी आधी पाहतात. पोटाच्या ऑपरेशननंतर दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, कफ साठतो, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. लघवीची नळी जितके दिवस राहिली तितका लघवीच्या संसर्गाचा धोका. जळजळ, वारंवार जावं लागणं, गढूळ लघवी असेल तर सांगा. हाताला सलाईनची सुई होती ती जागाही बघा. शिरेवर लाल, कडक, दुखरी रेघ दिसली तर ताप तिथूनही असू शकतो.

पाचव्या दिवसापासून पुढे जखमेवर नजर हवी: लाली, सूज, ऊब, वाढत जाणारी वेदना, घाण वासाचं पाणी किंवा पू. आतडं कापून जोडलेलं असेल तर जोडातून गळती होण्याचेही हेच दिवस; ताप, वेगवान नाडी, फुगलेलं आणि दुखणारं पोट एकत्र आलं तर ताबडतोब रुग्णालय. पित्ताशय काढल्यावर ताप आणि डोळ्यांत पिवळेपणा आला तरीही तसंच. एका पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी पोटरी चोळू नका, तेल लावून मालिश तर अजिबात नको.

काही वेळा औषधामुळेही ताप येतो. आणि प्रतिजैविकं चालू असताना किंवा संपल्यावर ताप आणि दिवसातून तीनपेक्षा जास्त पातळ जुलाब होत असतील, तर ते पोट बिघडलं म्हणून सोडून देऊ नका. जुलाब थांबवायची गोळीही स्वतःहून देऊ नका.

आजोबांना ताप नाही, पण ते गप्प गप्प आहेत, जेवत नाहीत. काळजी करायची का?

करायची. वय झालं की शरीराची ताप चढवण्याची ताकद कमी होते. मधुमेह, किडनीचा आजार, स्टिरॉइड किंवा केमोथेरपी चालू असणं, यातही ताप उशिरा किंवा कमी दिसतो. अशा माणसाचं नेहमीचं तापमान ९७ असेल तर ९९.२ सुद्धा दोन डिग्रींहून जास्त वाढ आहे. म्हणून ठरलेलं ऑपरेशन असेल तर आधीचे दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून नेहमीचा आकडा लिहून ठेवा. ही दोन मिनिटांची तयारी पुढे फार उपयोगी पडते.

तापमान खाली जाणंही धोक्याचं असतं. नीट मोजूनही ९६ च्या खाली येत असेल आणि रुग्ण गोंधळलेला, निस्तेज, थंडगार हातापायांचा असेल, तर संसर्ग रक्तात पसरल्याची शक्यता धरूनच हालचाल करा.

मोतीबिंदूबाबत एक वेगळी सूचना. डोळ्याच्या आतला संसर्ग अंगात ताप न येताही होतो. डोळा दुखणं, लाली आणि नजर कमी होणं असेल तर थर्मामीटर बाजूला ठेवून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) बाहेर आल्यावर आई थडथडत होती. तिला ताप होता का?

बहुतेक वेळा उलट असतं. भूल दिल्यावर रक्तवाहिन्या सैल होतात, शरीराच्या गाभ्यातली ऊब हातापायांकडे जाते आणि पहिल्या तासातच आतलं तापमान १ ते १.५ सेल्सियसने उतरू शकतं. त्यात ओटी थंड, अंग उघडं. पाठीत दिलेल्या भुलीनेही असंच होतं. ३६ सेल्सियसच्या खाली गेलं तर रिकव्हरी रूममध्ये गरम हवेचं पांघरूण घालतात, सलाईन कोमट करून देतात आणि तापमान वारंवार मोजतात.

हे केवळ आरामासाठी नसतं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आतड्याच्या ऑपरेशनांवरच्या अभ्यासात ज्यांचं अंग गार पडू दिलं त्यांच्यापैकी १९ टक्के रुग्णांच्या, तर ऊब राखलेल्यांपैकी ६ टक्के रुग्णांच्या जखमेत संसर्ग झाला होता. म्हणून ओटीत जाण्याआधी थंडी वाजत असेल तर सिस्टरना सांगा, पांघरूण मागा. संकोच करू नका.

सिझेरियन झालेल्या सुनेला ताप आलाय. दुधामुळे असेल का?

असू शकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध दाटून आलं की थोडा ताप येतो, आणि दाटलेल्या छातीमुळे काखेतला आकडाही उगाच जास्त येतो. त्यामुळे तिचा ताप तोंडात मोजा. शेक-शेगडी किंवा धुरी घेतल्यावर निदान अर्धा-पाऊण तास मोजू नका. शेक टाक्यांवर थेट घेऊ नका.

पण १००.४ च्या पुढचा ताप दुधाचा म्हणून सोडायचा नाही. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, ओटीपोटात दुखणं, स्तनावर एका जागी लाल दुखरा पट्टा, टाक्यांतून पाणी यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा. स्तनात गाठ-लाली असली तरी डॉक्टर मनाई करत नाहीत तोवर पाजणं थांबवू नका, दूध साचून त्रास वाढतो.

गुडघा बदललाय. ताप नाही, पण गुडघा गरम लागतो.

बदललेला गुडघा दुसऱ्यापेक्षा काही महिने थोडा गरम लागतो, हे अपेक्षित आहे. ऊब कमी होत जायला हवी. कमी होऊन पुन्हा वाढली, सोबत लाली, नवी वेदना किंवा जखमेतून पाणी आलं तर कळवा. संसर्गाच्या शंकेवर स्वतःहून प्रतिजैविक सुरू करू नका. सांध्यातलं पाणी तपासायच्या आधी ते पोटात गेलं की जंतू सापडणं अवघड होतं.

पावसाळ्यात ऑपरेशन झालं. ताप जखमेचा की डेंग्यूचा?

पुण्यात जुलैपासून दिवाळीपर्यंत हा प्रश्न खराच असतो. एकदम १०२-१०३, डोळ्यांमागे दुखणं, अंग मोडून येणं, पुरळ, आणि जखम मात्र कोरडी-स्वच्छ, असं असेल तर डेंग्यू-चिकुनगुन्याची तपासणी लागते. डेंग्यूची शंका असेल तोवर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या टाळतात, कारण रक्तस्राव वाढू शकतो, आणि ताज्या जखमेत तो अधिकच नको. कार्डावर अशी गोळी असेल तर सर्जनना विचारून बदलून घ्या. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते मात्र स्वतःहून थांबवू नका.

पट्ट्या ठेवायच्या का? मिठाच्या पाण्याच्या, कोलन वॉटरच्या?

साध्या, कोमट पाण्याच्या ठेवा. मिठाने ताप जास्त उतरत नाही. बर्फाच्या पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते आणि तापमान वाढतंच. कोलन वॉटर किंवा स्पिरिटने अंग पुसणं तर टाळाच. अंग पुसताना ड्रेसिंग भिजू देऊ नका. पट्टी काढल्यावर लगेच कपाळावर गन धरू नका. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे मध्ये दुपारी अंग नुसत्या उकाड्यानेही तापतं. रुग्णाला गार जागी हलवून, पांघरूण काढून, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

फोन कधी करायचा, थेट कधी निघायचं?

१००.४ किंवा जास्त ताप ४८ तासांनंतर दिसला, किंवा जखमेत बदल दिसला, तर त्याच दिवशी फोन. १०१ च्या वर असेल, किंवा हुडहुडी भरली, तर फोन करून लगेच दाखवायला जा.

श्वास मिनिटाला २२ हून जास्त, बोलताना धाप, छातीत दुखणं, भान हरपणं किंवा असंबद्ध बोलणं, आठ तासांत लघवी नाही, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी आणि एरवी तसं नसतं, जखम उसवणं, यातलं काहीही असेल तर ताप कितीही असो, निघा. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात विनामूल्य येते. प्लीहा (स्प्लीन) काढलेल्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या माणसाचा १००.४ चा तापही याच यादीत धरा.

हिंजवडी किंवा सिंहगड रस्त्यावरून संध्याकाळी शहरात यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. भोर, मुळशी, जुन्नरहून येणार असाल तर अंधार पडायच्या आत निर्णय घ्या. अनंत चतुर्दशीला पेठांतले रस्ते बंद असतात. त्या आठवड्यात ऑपरेशन झालं असेल तर पर्यायी रस्ता आणि जवळचं रात्रभर उघडं रुग्णालय आधीच विचारून ठेवा.

फोनवर नेमकं काय सांगायचं?

‘बाबांना ताप आहे’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. असं सांगा: ‘सोमवारी हर्नियाचं ऑपरेशन झालं, आज शनिवार, पाचवा दिवस. संध्याकाळी सहाला तोंडात १०१.२ एफ, काल याच वेळी ९९.४ होता. शेवटची पॅरासिटामॉलची गोळी दुपारी बाराला. नाडी १०४. टाक्यांच्या खालच्या टोकाला लाली आहे, पाणी नाही. लघवी होतेय, मधुमेह आहे, सकाळची साखर २१०.’ नाडी मनगटावर पूर्ण एक मिनिट मोजा. कागदाचा फोटो पाठवला तर आणखी बरं.

थर्मामीटर कसा पुसायचा?

गार पाणी आणि साबण, मग स्पिरिटचा कापूस, मग कोरडा. गरम पाणी नको. ‘एलओ’ दिसलं तर टोक नीट टेकलेलं नाही. आकडे फिके झाले तर बटणसेल बदला, आणि जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर अन्ननलिका जाळतो.

मोजणं कधी थांबवायचं?

टाके निघाले, जखम कोरडी आहे आणि सलग तीन दिवस गोळीशिवाय आकडा नेहमीचा आहे, तर रोजचं मोजणं थांबवा. जखमेच्या संसर्गावर ३० दिवस लक्ष ठेवतात. सांधा, जाळी, प्लेट असं काही आत बसवलं असेल तर ९० दिवस. या मुदतीत केव्हाही कणकण वाटली की पुन्हा मोजा, आणि कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ऑपरेशनची तारीख आधी सांगा.